गाठीच्या अलीकडची मुलं

वर्ष अर्ध्यावर आलं की प्रत्येक प्राथमिक शाळेत एक आकडा मुक्कामाला येतो. ‘उद्दिष्ट’ हे त्याचं भारदस्त नाव. या शाळेत तो आला पर्यवेक्षक साहेबांच्या तोंडून. गेल्या वर्षी शंभरातली साठ मुलं न अडखळता वाचत होती, यंदा ऐंशी वाचली पाहिजेत, असं सांगून साहेब चहा पिऊन निघून गेले आणि आकडा मात्र मुख्याध्यापिकांच्या डोक्यात ठाण मांडून बसला.

या मुख्याध्यापिकांना सारी शाळा ‘मोठ्या बाई’ म्हणत असे. उंचीने त्या इतक्या लहान की फळ्याच्या वरच्या ओळीला त्यांचा हात पोचत नसे, पण शाळेवर जीव असा की सुट्टीच्या दिवशीही पाय आपोआप तिकडे वळायचे. त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक वर्गाची एक, अशा सुतळ्या ताणून बांधल्या होत्या. त्यांवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणि प्रत्येक चिमट्यावर एका मुलाचं नाव. सुतळीला उजवीकडे एक जाड गाठ मारलेली. जे मूल सलग वाचू लागेल, त्याचा चिमटा गाठीपलीकडे जायचा. कल्पना नामी होती आणि बघणारा प्रत्येक जण तिचं कौतुक करायचा.

घोटाळा झाला तो नंतर. आकडा आल्यावर मोठ्या बाईंनी गाठीच्या अलीकडे आपली वीत टेकवून पाहिली. त्या वितेत जेवढे चिमटे आले, तेवढ्याच मुलांना शाळा भरण्यापूर्वीच्या वाचनतासाला बसवायचं ठरलं. ही मुलं थोड्या मेहनतीत पलीकडे जाणार होती. वितेच्या बाहेरची मुलं म्हणजे नुसता वेळेचा खोळंबा!

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी तिसरीच्या बाईंना बोलावलं.

“तुमच्या वाचनतासात ती पिटुकली कशी काय बसते? तिचा चिमटा तर पार डाव्या टोकाला, दरवाज्यापाशी आहे.”

पिटुकली म्हणजे तिसरीतली सगळ्यांत लहानखुरी मुलगी. खरं नाव हजेरीपुरतंच.

“बाई, ती आत्ता कुठे अक्षरं जोडायला लागलीये,” तिसरीच्या बाई म्हणाल्या. “रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसते.”

“वर्षअखेर गाठीपर्यंत येईल? खरं सांगा हं.”

“नाही येणार.”

“मग तिच्या जागी वितेतलं कुणीतरी बसवा. खोलीत जागा मोजक्या. हिच्यावर कितीही घाम गाळलात तरी आकडा काही हलणार नाही.”

“आकडा नाही हलणार बाई, पण ती हलेल ना!”

“पुढच्या वर्षी बघू तिचं,” असं म्हणून मोठ्या बाईंनी पर्स उचलली.

वाचकहो, मोठ्या बाईंवर लगेच रागावू नका. त्यांचं मन वाईट नव्हतं. आपणही घरात, कचेरीत हेच करतो. जिथे पटकन नाव होतं तिथे जीव ओततो आणि बाकीच्यांना ‘पुढच्या वर्षी’च्या फडताळात ठेवून देतो.

रविवारी मोठ्या बाई घरी होत्या. त्यांचे वडील न्हाणीघरात घसरून पडले होते, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आता त्यांना पुन्हा चालतं करायचं काम धाकट्या बहिणीकडे होतं. धाकटी फिजिओथेरपिस्ट. जिभेने जरा तिखट, पण हात असे मऊ की पेशंट तिच्या शिव्यासुद्धा आनंदाने खायचे.

“बाबा, आज अंगणाच्या फाटकापर्यंत जायचं बरं का!” मोठ्या बाईंनी शाळेतल्या आवाजात जाहीर केलं.

बाबांनी उघड्या दारातून फाटकाकडे पाहिलं. मग वॉकरकडे पाहिलं. आणि पुन्हा खुर्चीत टेकले. “राहू दे गं. नाही जमायचं मला.”

“ताई, तू जरा बाजूला हो बघू,” धाकटी म्हणाली. तिने बाबांपुढे बसकण मारली. “बाबा, काल कुठवर आला होतात?”

“ही काय, तू खडूने रेघ मारलीयेस तिथवर.”

“मग आज तिच्या पुढची एक फरशी. चहा तिथेच मिळेल.”

“बिस्किटासकट?”

“बिस्किटासकट.”

बाबा उठले. दात-ओठ खाऊन, वॉकर खडखडवत ते रेघेपाशी गेले, रेघ ओलांडली, आणि ठरलेल्या फरशीवर न थांबता तिच्या पुढच्या फरशीवर जाऊन उभे राहिले. चेहऱ्यावर असा तोरा, जणू पर्वत चढून आले!

“ते ठीक आहे गं,” मोठ्या बाई हलकेच म्हणाल्या, “पण अशाने फाटक कधी यायचं? माणसापुढे काही उद्दिष्ट नको?”

“हवं की! पण ते माणूस आज कुठे उभा आहे, ते बघून ठरवायचं. ताई, माझ्याकडे असेही पेशंट येतात, ज्यांना फाटक या जन्मी गाठता येणार नाही. पलंगावरून खुर्चीत आपलं आपण बसता आलं, तरी त्यांचा दिवस बदलतो, घरच्यांचा दिवस बदलतो. मी जर फाटक ओलांडणारेच मोजायचे ठरवले ना, तर उद्यापासून फक्त दुखऱ्या बोटांचे पेशंट घेईन. सगळे झटपट बरे होतील आणि माझं काय नाव होईल!”

“आणि मग माझं काय?” बाबांनी बिस्किट बुडवता बुडवता विचारलं.

“तुमचं ना? पुढच्या वर्षी बघू!”

बाबा खो-खो हसले. धाकटीही हसली. मोठ्या बाईंच्या मात्र हातातला कप तसाच राहिला. हेच शब्द काल आपण कुणाबद्दल बोललो, ते त्यांना लख्ख आठवलं.

सोमवारी त्या नेहमीपेक्षा लवकर शाळेत गेल्या. वाचनतास सुरू झाला होता. बंद दाराबाहेरच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन पिटुकली बसली होती.

“काय गं, इथे काय करतेस?”

“ऐकतेय.” ती पटकन उभी राहिली. “आत माझी जागा नाही ना आता. पण बाहेर ऐकू येतं.”

मोठ्या बाई चक्क तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या.

“बाई, एक विचारू?” पिटुकली म्हणाली. “माझा चिमटा हलला का?”

“तुला गं काय ठाऊक चिमट्याचं?”

“सगळ्यांना ठाऊक आहे. कार्यालयाच्या खिडकीतून दिसतात की! गाठीपाशीचे हलतात. आमचे नाही हलत.” मग समोरच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “पण मला ते येतं. ह... ळू... हळू! हळू... चा... ला. हळू चाला!”

वाचून झाल्यावर तिने श्वास सोडला आणि शाबासकीसाठी वर पाहिलं.

अरेरे! मागे राहिलं होतं ते कोण? चालत ही एवढीशी पोर होती आणि जागच्या जागी खिळले होते ते तिचे शिक्षक! मोठ्या बाईंनी तिला जवळ ओढलं. “शाब्बास गं माझी बाय! चल, आधी तुझा चिमटा हलवू.”

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, “चूक माझी झाली. गाठ राहू दे, सलग वाचता यायलाच हवं. पण माझी वीत आजपासून बंद. प्रत्येक चिमट्याच्या थोडं पुढे एकेक लाल धागा बांधा. मूल आज कुठे आहे ते बघून त्याच्या बाईंनी तो बांधायचा. तिथे पोचलं की धागा पुढे.”

“आणि वाचनतासाच्या जागा?” तिसरीच्या बाईंनी विचारलं.

“तुमची खोली भरली असेल तर माझं कार्यालय आहे की! गाठीपासून सगळ्यांत लांबची मुलं माझ्याकडे पाठवा.”

तेव्हापासून मोठ्या बाईंना सकाळचा चहा गरम असा कधी मिळाला नाही. कार्यालयात सतरंजी पसरली गेली, कपाटाच्या दाराचा फळा झाला, आणि फोन वाजला तर पिटुकली तोंडावर बोट ठेवून फोनलाच दटावायची.

वर्षअखेरीस साहेब आले. आकडा ऐंशीला टेकला नव्हता, थोडक्यात हुकला होता. मोठ्या बाईंनी तो लपवला नाही की फुगवला नाही.

“वितेवर जोर दिला असता तर पूर्ण झाला असता,” साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले.

“झाला असता साहेब. पण या सुतळ्यांवर एक चिमटा दाखवा, जो सहा महिन्यांपूर्वी होता तिथेच आहे.”

साहेब उठले. एकेका सुतळीवरून त्यांचं बोट फिरलं. मागच्या भिंतीवर चिमट्यांच्या जुन्या जागी फिकट पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि एकाही खुणेवर चिमटा नव्हता. तिसरीच्या सुतळीशी ते थांबले. “ही एवढ्या लांबून इथवर आली?”

तेवढ्यात पिटुकली आत आली. मोठ्या बाईंनी तिला पुस्तकातलं पान काढून दिलं. ती अडखळली, दोनदा मागे गेली, पण अख्खा परिच्छेद वाचून मगच थांबली. साहेबांच्या आठ्या कधी मोडल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

“पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट असंच मांडा,” ते म्हणाले. “दोन्ही आकडे पाठवा. पोचलेल्यांचा आणि पुढे सरकलेल्यांचा.”

मित्रहो, आपल्या घरातलं मूल निकाल घेऊन आलं की आपण पहिल्यांदा विचारतो, “इतरांना किती?” त्याऐवजी “तू काल कुठे होतास आणि आज कुठवर आलास?” असं विचारून बघू या. उद्दिष्ट मुलाच्या पायापासून मोजायचं असतं, आपल्या नावलौकिकापासून नाही. आणि एक जरी मूल दाराबाहेरच्या पायरीवर बसवून गाठलेलं उद्दिष्ट हे उद्दिष्टच नव्हे!

पिटुकलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती स्टुलावर चढली, आपला चिमटा लाल धाग्यापाशी नेऊन लावला, धागा सोडला आणि तो हातात धरून बाईंकडे वळली.

“बाई, आता हा कुठे बांधू?”