कानातला निरोप

दुपारची जेवणं आटोपली की ज्येष्ठांच्या निवासाचं सभागृह भरून जायचं. काठ्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या यांची दारातच दाटी व्हायची. सगळे 'निरोप्या'ची वाट बघत असत. हे नाव लोकांनीच त्याला दिलं होतं, कारण तो मेलेल्यांचे निरोप आणायचा. वर मंतरलेलं पाणीही विकायचा.

"पलीकडच्यांना गोंगाट सोसत नाही," तो हात जोडून सांगायचा. "मी आत जाऊन लाईन जोडतो. ज्याची ओढ खरी, त्यालाच ऐकू येईल. ज्याची कच्ची, त्यानं मला बोल लावू नये."

मग तो व्यासपीठामागच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायचा. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. थोड्या वेळानं एखादी आजी हुंदका द्यायची, एखादे आजोबा रिकाम्या हवेशी मान डोलवायचे. ज्यांना काहीच ऐकू येत नसे ते खाली मान घालून बसायचे. आपलं प्रेम कच्चं होतं, हे चारचौघांत कोण कबूल करणार?

माझी आई त्या निवासात एकटी राहायची. वडील गेल्यावर तिनंच हट्ट धरला होता, की मुलीच्या संसारात अडगळ होणार नाही. तिचा चहा ती करायची, तिची खोली ती आवरायची. गळ्यात एक बटण असे. ते दाबलं की नर्स धावत येई. गोळ्यांची डबी वेळ झाली की वाजे. कानाला यंत्र होतं. एवढ्या आधारावर तिचं छान चाललं होतं.

एके सकाळी शेजारणीला ती ओट्याशी बेशुद्ध पडलेली सापडली. बटण कपाटात ठेवलेलं, डबीतल्या गोळ्या जशाच्या तशा.

"ह्यांनीच सांगितलं," शुद्धीवर आल्यावर आई म्हणाली. "काल सभागृहात कानात बोलले. म्हणाले, ठमे, गोळ्या पुरे झाल्या, निरोप्यानं दिलेलं पाणी घे. गळ्यातलं ते काढून ठेव, मी आहे ना."

ठमे म्हणून तिला फक्त वडील हाक मारायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी माझ्या अंगावर काटा आला.

आई बरी होऊन परतली आणि पहिल्याच दुपारी सभागृहात निघाली. मी सोबत गेले. निरोप्या आत गेला. दार लागलं. मला काहीच ऐकू येईना. शेजारी आईचे डोळे मात्र भरून आले.

"आलेत," ती म्हणाली. "तुला नाही ना ऐकू येत? थांब." तिनं कानातलं यंत्र काढून मला दिलं.

मी ते कानाला लावलं. डोक्याच्या आतूनच कुणी कुजबुजत होतं. "ठमे... डॉक्टरांचं ऐकू नकोस... माझ्याकडे यायची भीती कसली?" क्षणभर मला खरंच वाटलं, बाबा आहेत. मी "बाबा" म्हणणारच होते.

भानावर येताना यंत्रावरच्या छोट्या बटणावर माझं बोट गेलं. कुजबुज थांबली, लोकांचं खोकणं, खुर्च्यांची करकर ऐकू येऊ लागली. बटण पुन्हा पूर्वीसारखं केलं, बाबा परत आले. मेलेल्या माणसाला बटण कुठल्या बाजूला आहे याच्याशी काय देणंघेणं?

मी उठले आणि मागच्या खोलीचं दार ढकललं. निरोप्या माइक ओठांशी धरून बसला होता. समोरच्या ध्वनिक्षेपकाच्या पेटीवर मोठ्या कर्ण्यांचा खटका बंद, दुसरा चालू.

मी सगळ्यांना तो दुसरा खटका दाखवला. सभागृहाच्या फरशीखालून एक तार फिरवलेली आहे. माइकमधलं बोलणं त्या तारेतून चुंबकीय लहरींनी थेट कानातल्या यंत्रात पोचतं. कमी ऐकू येणाऱ्यांना भाषणं नीट कळावीत म्हणून केलेली ही सोय. इथं आलं की सगळे सवयीनं कानातल्या यंत्राचं बटण त्या तारेच्या बाजूला करायचे. म्हणून यंत्रवाल्यांनाच मृतांचे आवाज यायचे. एकाचा निरोप त्या सगळ्यांनाच ऐकू जायचा, पण हाक आपल्याला नसली की बाकीचे आपल्या पाळीची वाट बघायचे.

"पण आवाज ह्यांचाच होता," यंत्र परत कानात घालत आई हळूच म्हणाली.

"कुजबुजताना कुणाचाही आवाज कुणासारखाही वाटतो, आई. आणि ठमे हे नाव?"

"मीच सांगितलं होतं त्याला. चहाच्या वेळी."

निरोप्याला पोलीस घेऊन गेले. खोलीवर आल्यावर आईनं गोळी घेतली, बटण गळ्यात अडकवलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "म्हणजे ते दुसऱ्यांदा गेले."

मृत्यूनंतर काय असतं, मला माहीत नाही. गेलेल्या माणसाची आठवण काढा, त्याच्यासाठी रडा. पण त्याच्या नावानं कुणी तुमचं औषध बंद करू लागलं, तर आधी उठा आणि मागच्या खोलीचं दार उघडून बघा. ज्यानं तुम्हाला आयुष्यभर जीव लावला, तो तुम्हाला मरायला कशाला सांगेल?