भोजराजची गाडी आणि मोहाखालची देवी

कामठ्याच्या बोडीजवळ, म्हणजे गावतळ्याजवळ, मोहाच्या झाडाखाली सकाळपासून गर्दी होती. भोजराजची जुनी सात-सीटर गाडी आली. त्याने स्टेअरिंग सोडून हात जोडले, तशी गाडी आपोआप डावीकडे वळून शेंदूर फासलेल्या दगडाकडे निघाली. दगडापाशी त्याने ब्रेक दाबला. बायकांनी बोनेटवर तांदूळ उधळले.

"देवी ओढून राहिली!" देवीचा पुजारी बकारामबाबा ओरडला. "टायर पाहा. बाहेरची कडा देवीनं चाटली!"

दिवाळीपर्यंत तिथे दगडच नव्हता. गाडी कुठे झुकते ते पाहून बाबाने तो मागाहून बसवला होता. हे फक्त भोजराजच्या मुलीच्या, रविताच्या लक्षात होते. ती शाळेत विज्ञान शिकवी.

पण आज तिला धास्ती होती ती बाबाच्या नव्या हुकुमाची. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या महादेवाला जाताना भोजराजने स्टेअरिंगला हात लावायचा नाही. गाडीत रविताची आई देवकाबाई आणि शेजारच्या बायका असणार होत्या.

"बाबूजी, समोरून ट्रक आला तर?"

"देवीले ट्रक दिसत नाई का?" भोजराज म्हणाला.

रविताने वाद सोडला आणि बाबापुढे हात जोडले. "बाबा, गाडी उलट्या बाजूनं आणू. मग देवी उजव्या हाताला येते. ओढीन ना?"

"ओढीन काऊन नाई?" देवकाबाईच मध्ये बोलली. "देवीले डावं-उजवं कायचं?"

"मंग बाबा, तुम्ही पुढं बसा," रविता म्हणाली.

"आज मुहूर्त नाई."

"आताच तं होता जी!" म्हणत देवकाबाईने दार उघडले. भक्तांनी बाबाला उचलूनच आत बसवले.

भोजराज गाडी पुढे नेऊन, वळवून परत आला. झाड जवळ येताच त्याने हात जोडले. गाडी देवीकडे पाठ करून थेट बोडीकडे निघाली.

"देवी परीक्षा पाहून राहिली," बाबा म्हणाला. मग पाणी दिसले. "भोजराज, स्टेअरिंग धर! अबे, ब्रेक दाब!"

गाडी चिखलात थांबली. पाण्यातली म्हैस उठून उभी राहिली.

देवकाबाई काचेशी वाकली. "बाबा, देवी सोडून गाडी म्हशीकडं कायले गेली?"

गोंदियाच्या गॅरेजात उलगडा झाला. धानाची पोती भरून भोजराजने गाडी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून दामटली होती. तेव्हा डावे चाक धरून ठेवणारा खालचा कंट्रोल आर्म वाकला. चाक खालून आत दबले, वरून बाहेर झुकले. असे चाक गाडीला आपल्या बाजूला ओढते आणि टायरची बाहेरची कडा खाते. मिस्त्रीने नवा आर्म टाकला, वरच्या आर्मपाशी बसवलेल्या पातळ पत्त्या कमी-जास्त करून चाकाचा कल, म्हणजे अलाइनमेंट, नीट केला. परतताना मोहापाशी भोजराजने क्षणभर हात सैल सोडले. गाडी सरळ निघून गेली. देवीने हाकही मारली नाही.

महाशिवरात्रीला गाडी सुरू होताच देवकाबाई मागून म्हणाली, "रविताचे बाबूजी, दोन्ही हातानं धरा जी."

चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एकदा गाडी उलट्या बाजूने आणून पाहा. आणि सांगणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा.