घरमालकिणीचं पाणी

तारनाक्याच्या आमच्या घराचा वरचा मजला बघायला कुणी आलं, की माझे यजमान एकनाथराव त्यांना खोल्या नंतर दाखवत, आधी संपापाशी नेत. संप म्हणजे अंगणाखालची पाण्याची टाकी. नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं, ते त्यात साठायचं आणि मोटारीने गच्चीवर चढायचं. एकनाथराव लोखंडी झाकण सारत, तांब्याभर पाणी काढत, आधी हुंगत, मग घोट तोंडात घोळवून म्हणत, "गोड आहे. या घरात पाण्याची जबाबदारी माझी. दर रविवारी मी स्वतः बघतो."

यात थट्टा नव्हती. आम्ही मूळचे उदगीरकडचे शेतकरी. नव्या विहिरीला पाणी लागलं की माझ्या सासऱ्यांना बोलावणं यायचं. हे पाणी माणसांना, हे जनावरांना, हे नुसतं पिकाला, असं ते एका घोटात सांगत. एकनाथराव रेल्वेत नोकरीला लागून हैदराबादला आले, शेती भावांकडे राहिली. "वाटणीत मी नाक आणि जीभ घेतली," असं ते म्हणायचे.

१९९८च्या चैत्रात सारंग आणि शर्वरी हे पुण्याचं जोडपं वर राहायला आलं. सारंग कॉम्प्युटरच्या एका नव्या कंपनीत होता. त्या वर्षांत अशी पोरं शहरात रोज उतरत होती. संपापाशीचा सोहळा बघून तो म्हणाला, "काका, आमच्याकडेही असं टेस्टिंग डिपार्टमेंट आहे."

"पगार देतात का त्याचा?"

"भरपूर."

"ऐकलंस? मी आजवर फुकट राबलो," एकनाथराव मला म्हणाले. शर्वरी खळखळून हसली. फिल्टर घ्यायचा तिचा विचार होता, तो तिने तिथेच सोडून दिला.

मी मात्र हसले नाही. कारण एक गोष्ट मला ठाऊक होती.

दोन वर्षांपूर्वी एकनाथराव स्कूटरवरून घसरले होते. डोक्याला सहा टाके पडले. जखम भरली, टाके निघाले, आणि महिनाभराने एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत असताना घरातून करपल्याचा वास आला. धावत गेले तर गॅसवर दुधाचा कोळसा झालेला आणि हे दोन हातांच्या अंतरावर बसून पेपर वाचताहेत. "अगं, दूध तापलं वाटतं," मला बघून म्हणाले. तेव्हा कळलं. त्यानंतर मी मुद्दाम फोडणीत कधी हिंग घातला, कधी नाही. त्यांना फरक पडला नाही. ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. बापाकडून आलेली एकच गोष्ट जवळ असावी आणि तीच जावी, हे बोलून दाखवायला माझी जीभ रेटेना. रविवारचं हुंगणं मात्र चालूच राहिलं. पाणी सरकारी नळाचं, काय व्हायचंय, अशी मी माझी समजूत घातली.

आषाढात आमचा रस्ता तिसऱ्यांदा उकरला गेला. कुणाला टेलिफोन हवा होता, कुणाला टीव्हीची केबल. शर्वरीला पाचवा महिना लागला होता. एका रविवारी ती जिन्यावरून खाली आली.

"काकू, पाण्याला वास येतोय का हो? का मलाच येतोय? मला हल्ली सारंगच्या धुतलेल्या शर्टाचासुद्धा वास येतो."

एकनाथराव लगेच उठले. झाकण, तांब्या, हुंगणं, घोट. "गोड आहे. पोटुशी बाईला साऱ्या जगाचा वास येतो, पोरी. निश्चिंत पी."

ती निश्चिंत होऊन वर गेली. तांब्यात उरलेलं पाणी मी नाकाशी नेलं. अगदी पुसट, पण गटाराचा वास होता. तिला तिथेच हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. इतकी वर्षं झाली, ती न मारलेली हाक अजून टोचते.

दुपारी मी शेजारच्या कुसुमताईंकडे गेले. त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होत्या. त्यांनी एक छोटी बाटली दिली, आत औषधाची पट्टी. "संपाचं पाणी भरा आणि कपाटात ठेवा. दोन-तीन दिवसांत काळं झालं तर पिऊ नका."

"आमचे हे हुंगून बघतात की..."

"इंदुताई, वाईट पाणी कधीकधी चवीला छान लागतं. वासही येत नाही. ते काही नाकाजिभेचं काम नाही. आणि पोटुशी बाईला पाण्यातून कावीळ झाली, तर..."

बाटली भरून मी तांदळाच्या डब्यामागे ठेवली. मग पातेलंभर पाणी खळखळून उकळलं, गार केलं, पितळी कळशीत ओतलं आणि वर गेले.

"हे काय, काकू?"

"आमच्याकडची रीत आहे," मी म्हणाले. इतक्या सफाईने खोटं बोलता येतं हे मलाच नवीन होतं. "पोटुशी भाडेकरीण असली, की तिने पिण्याचं पाणी घरमालकिणीच्या हातचं प्यायचं. बाळंतपणापर्यंत. आणि नवऱ्यानेही तेच प्यायचं."

"नवऱ्याने का?"

"त्याने काय कमी त्रास दिलाय?"

शर्वरी हसत सुटली. कळशी मात्र तिने दोन्ही हातांनी घेतली.

एकनाथरावांना हे कळायला एक दिवस लागला. "ही रीत कुठली? आमच्या सात पिढ्यांत ऐकली नाही."

"माझ्या माहेरची."

"तुझं माहेर आमच्या गावापासून दोन कोसांवर."

"कोसाकोसाला पाणी बदलतं."

"हौ," ते म्हणाले, पण माझ्याकडे बघतच राहिले.

तिसऱ्या दिवशी मी मागच्या पायरीवर मेथी निवडत होते. एकाएकी नासक्या अंड्यासारखी घाण सुटली. पदर नाकाला लावून मी आत धावले. एकनाथराव बडीशेप शोधत होते, त्यांच्या हाताला ती बाटली लागली होती. पाणी डांबरासारखं काळं झालेलं. झाकण उघडून, बाटली नाकाशी धरून ते शांतपणे उभे होते.

"ही कसली शाई ठेवलीस इथे?"

त्यांनी माझ्या नाकावरचा पदर पाहिला. बाटलीकडे पाहिलं. परत एकदा खोल, छाती भरून हुंगलं. मग झाकण लावून हळूच खुर्चीवर बसले.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दूध करपलं तेव्हापासून."

"दोन वर्षं." बाटली उजेडाकडे धरून म्हणाले, "हे संपाचं पाणी?"

मी मान हलवली. मग त्यांना बरं वाटावं म्हणून कुसुमताईंचं बोलणं सांगितलं, की धडधाकट नाकालाही हे नेमकं कळतंच असं नाही.

"नसेल कळत. पण त्या लेकराला कळलं होतं, इंदू. ती बरोबर सांगत होती आणि मी तिला खोटी ठरवली."

त्यांनी धुतलेला शर्ट घातला. भाडेकरूच्या घरात मालकाने पाय ठेवू नये, असा त्यांचा नेम. हे जोडपं आल्यापासून त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा जिना चढले. मी मागोमाग. उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "माझं नाक दोन वर्षांपूर्वी गेलंय. मी ते लपवलं. पाणी खराब आहे. तुम्हाला दिलेला शब्द खोटा होता."

शर्वरीचा हात आपसूक पोटावर गेला. सारंग लाल झाला. "काका, डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं पाणी जपा म्हणून. तुमच्या भरवशावर आम्ही फिल्टर घेतला नाही!"

"बरोबर आहे. अजून बोल."

सारंगने खुर्ची उंबऱ्याकडे सरकवली.

"उद्या संप रिकामा करतो," एकनाथराव म्हणाले. "पोरीची तपासणीही उद्याच. मी बरोबर येतो."

"म्हणजे काकू, ती तुमची रीत...?" शर्वरीने विचारलं.

"तीन दिवसांची आहे," मी म्हणाले. ती हसली, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

दुसऱ्या दिवशी यादगिरी नावाचा प्लंबर संपात उतरला. रस्त्याकडच्या भिंतीला बोटभर चीर गेली होती. "अम्मा, नाली का पानी अंदर उतर रा," तो आतून ओरडला. चीर बुजवली, भिंती घासल्या, ब्लीचिंग पावडरने दोनदा धुतल्या. नवी बाटली भरली, ती काळी पडली नाही. शर्वरीची तपासणी चांगली आली, पण डॉक्टर म्हणाले की कावीळ उगवायला दीड-दोन महिनेही लागतात, लक्ष ठेवा. ते दोन महिने मी रोज सकाळी तिला जिन्यात उन्हाकडे तोंड करून उभी करायची आणि तिच्या डोळ्यांतला पांढरा रंग बघायची. एकनाथराव खालून विचारायचे, "पांढरे?" मी म्हणायची, "पांढरेशुभ्र." मगच ते चहाला हात लावत.

कार्तिकात तन्वी झाली, सुखरूप.

तशी संप चांगला झाल्यावरच मी कळशी बंद करणार होते. शर्वरी ऐकेना. "रीत म्हणजे रीत. बाळंतपणापर्यंत म्हणालात ना?" मग पाणी उकळायचं मी आणि कळशी वर न्यायचे एकनाथराव. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते बाटली भरत आणि जिन्याच्या भिंतीवर खडूने तारीख लिहीत, वर राहणाऱ्यांना दिसेल अशी. पुढे कुणीही घर बघायला आलं तर संपापाशी तांब्या निघत नसे, बाटली निघायची.

पण कळशी उचलण्याआधी ते रोज थांबत. उकळलेलं पाणी, तपासलेला संप, तरीही ती माझ्यापुढे धरत. मी वाकून वास घ्यायची.

"काही नाही," मी म्हणायची.

"नक्की?"

"नक्की."

मग ते एकेक पायरी मोजत, पाणी हिंदकळू न देता, वर जायचे.