कावळ्याला दिलेला शब्द

आई गेल्यापासून स्वरूपाला दुपारी झोप लागू लागली होती. दर शनिवारी शाळा सुटली की ती बारामतीहून सांगवीला वडिलांकडे यायची, ओसरीवर टेकायची, आणि डोळे मिटले की समोरचा ऊस हलायचा. उसाला तुरे आले होते. त्या पांढऱ्या तुऱ्यांमधून आई यायची, पावलांचा आवाज न करता. बोलायची नाही. नुसती ओंजळ पुढे करायची, कुणी त्यात पाणी घालावं तशी. मग जाग यायची, आणि समोर ऊसच असायचा.

"ती वाट बघतीया," तिचे वडील सावळाराम म्हणायचे. सारं गाव त्यांना आबा म्हणे, लेकसुद्धा. "तुझ्या पोटी यायचं हाय तिला."

असं म्हणायला कारण होतं. दहाव्याला नरसिंहपूरच्या संगमावर आईचा, मुक्ताबाईंचा, पिंड ठेवला, तेव्हा कावळा शिवेना. ऊन चढलं. जमलेल्यांनी परोपरीनं विनवलं. आबांना सांभाळू, नातीला, इराला, खूप शिकवू, म्हैस विकणार नाही. कावळा दगडावर बसून राहिला. शेवटी आबा हात जोडून पुढे झाले. "मुक्ता, स्वरूपाला दुसरं लेकरू हुईल. तू तिच्या पोटी परत ये. माझा शब्द हाय."

आणि कावळा उतरला!

तेव्हापासून सगळी भावकी त्या शब्दाची राखण करत होती. आबांचे चुलतभाऊ दादासो तर दिसले की विचारायचे, "काय बाई, आमची वहिनी कवा येतीया माघारी?"

स्वरूपा शाळेत भूगोल शिकवायची. इराच्या जन्मानंतर तिनं आणि नवऱ्यानं, ऋषिराजनं, ठरवलं होतं, एकच पुरे. दर वर्षी ती फळ्यावर लोकसंख्येचा आलेख काढायची आणि मुलं ती चढती रेषा वहीत उतरवून घ्यायची. पण त्या रेषेतून आपली आई येणार असेल, तर एका माणसानं पृथ्वीला असं किती ओझं होणार होतं?

लोणी देवकरच्या कारखान्यातून दमून आलेल्या ऋषिराजला तिनं हे एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुला हवं असेल तर मी नाही म्हणणार नाही. पण तुला मूल हवंय, की आई?"

ती उठून त्याचं ताट वाढायला गेली.

आईच्या महिन्याच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी आबांची थोरली बहीण प्रयागबाई इंदापूरहून आली. आबांची पाणीपाळी होती. सामाईक विहिरीवर मोटर चालू होती, आणि दोघी जांभळाखाली बसल्या होत्या. दुपार धुक्यासारखी मऊ होती. सगळं ऐकून घेतल्यावर आत्यानं विचारलं, "घाटावर तवा पिंडं किती हुती, बघितलंस का?"

"बरीच होती."

"रांग हुती रांग. अन् कावळं दोन. सकाळधरनं भात खाऊन पोटं टम्म झालेली. तुझ्या आबानं शब्द दिला नसता तरी घटकाभरानं आलाच आसता, भूक लागल्यावर." आत्यानं कपाळाला हात लावला. "मेल्यावरबी रांग सुटंना माणसाची."

आई गेल्यापासून स्वरूपा पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात बांधावरून दादासोंची हाक आली, "आबा, बंद करा आता. आमची पाळी लागली." मोटर थांबली. पाणी शेवटच्या सऱ्यांपर्यंत पोचलंच नव्हतं.

"बघ," आत्या म्हणाली. "माझा आजा ह्या विहिरीचा एकटा धनी. मग त्याची पोरं, पोरांची पोरं. वाटं वाढत गेलं, झरा हाय तेवढाच. वर ज्यानं त्यानं बोअर मारलं, तर झराबी खाली गेला. आज्याच्या पाळीला आमी भाकरी बांधून रानात मुक्कामाला यायचो. आता चहा निवस्तवर पाळी संपतीया."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "तू झाल्यावर आईनं ऑपरेशन करून घेतलं, तवा तिला समदी बोलली. एका पोरीवर थांबली, घर बुडवलं. मीबी बोलले. तर हितंच बसून मला म्हणाली, 'वन्सं, एकीला पोटभर दिईन. दुसऱ्याच्या पाण्यात हात घालायचा न्हाय मला.' जिनं जित्तेपणी दुसरं नको म्हटलं, ती तुझं दुसरं हून यील व्हय गं?"

"पण आत्या, मला ती हवीय."

"मलाबी हवी." आत्यानं तिचा हात धरला. "पर लेकराला लेकरू म्हणून बोलवावं. कुणाची मोकळी जागा भराया न्हाय. त्या बिचाऱ्यानं जल्मल्यापास्नं तुझी आई व्हायचं?"

मोटर बंद करून आलेले आबा मागे उभे होते. हे ऐकून ते तसेच बांधावरून घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. दादासोंनी वाढणाऱ्या स्वरूपाकडे बघून तोच प्रश्न विचारला. आबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"दादासो, त्यो शब्द मी लेकीला न इचारता दिला हुता. मुक्तालाबी इचारलं न्हवतं. मी त्यो माघारी घेतला."

"आवं, पिंडाम्होरं दिलेला शब्द! अन् वंशाचं काय?"

"इरा हाय की. अन् वंश वाढवशील, ईहीर कोण वाढवणार?"

दादासोंचा स्वतःचा नातवंडांनी भरलेला संसार पलीकडच्या ओळीत जेवत होता. त्यांनी तिकडे पाहिलं आणि खाली मान घालून भात कालवू लागले.

संध्याकाळी स्वरूपा आबांजवळ बसून पोटभर रडली. आई आता येणार नाही, हे तिला महिन्यानंतर त्या दिवशी कळलं. आबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

वाचकहो, एका घरानं काय होणार, असं आपल्याला वाटतं. त्या विहिरीच्या प्रत्येक वाटेकऱ्यालाही तेच वाटलं होतं. माती, पाणी, रान हे सारं सामाईक आहे, आणि त्यात उद्या येणाऱ्यांचाही वाटा आहे. आलेल्यांनी उपसा जपून करावा. नवं मूल आणायचं तर आईच्या मर्जीनं, विचार करून, त्या मुलाच्या स्वतःसाठी आणावं. गेलेल्या माणसावर प्रेम करायला जागा लागत नाही. येणाऱ्याला मात्र ती लागते.