आधी माणूस, मग खडू

खडू नखाएवढाच उरला होता. निळा, शिवणकामाचा, तीन कोपऱ्यांचा — दोन कोपरे झिजून गोल झालेले, तिसऱ्याने मात्र अजून हेका सोडलेला नाही — आणि आईच्या तळहातावर तो असा बसला होता, जसा काही तिथेच उगवला असावा.

"गिव्ह द चॉक... मी," आई म्हणाली.

"आधी माणूस, आई! आधी माणूस, मग वस्तू. गिव्ह मी — द चॉक."

"तेच म्हटलं ना मी."

"तेच नाही, उलटं म्हटलंस."

"उलटं-सुलटं कापडाला असतं बाई," असं म्हणून आईने खडू मुठीत मिटला आणि घड्याळाकडे बघितलं. लेकीनेही बघितलं, कारण आज दुपारी आईला काउंटरवर उभं राहायचं होतं, आणि दुपार काही कुणासाठी थांबत नाही.

तिला आठवत होतं तेव्हापासून आई पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत शिवत होती. शहरभरच्या खिडक्यांचे पडदे जिथे शिवले जायचे त्या खोलीला स्वतःची खिडकी नव्हती... दिवसासुद्धा दिवा, आणि हवेत कापडाचा तो कोरडा, नाकात बसणारा वास. पुढच्या काउंटरवरची मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी गेली तशी मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्हीच उभ्या राहून बघा की शनिवारी. जमलं तर जागा तुमची. नाही तर मागची खोली आहेच." त्यातला तो 'आहेच' लेकीला कालपासून टोचत होता. दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं बाहेरून आलेली, इंग्रजीच बोलणारी. आणि आईचं इंग्रजी म्हणजे 'येस', 'नो' आणि एक लांबलचक हसू.

पण लेकीला काय कठीण होतं! मागच्या वर्षापर्यंत इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बाकावरच्या रेघा मोजणारी ती — आणि मग एके दिवशी सरांनी सहज विचारलं काय आणि तिच्या तोंडातून अख्खं वाक्य उडी मारून बाहेर पडलं काय, शेपटासकट! तेव्हापासून तिची जी टकळी सुरू झाली ती झालीच. आई तिला हाकही तशीच मारायची, टकळे. आणि क्रियापदं तर तिला आता शेजाऱ्यांसारखी ओळखीची वाटायची. गिव्ह, शो, ब्रिंग, सेंड — ही मोकळ्या हाताची. दारात माणूस दिसला की आधी त्याला आत घेणार, बसवणार, आणि मग हातातली वस्तू पुढे करणार. एक्सप्लेन मात्र तिरसट. त्याच्या घरात आधी वस्तू शिरणार आणि माणूस मागाहून, तेही 'टू'चं बोट धरून.

हे सगळं तिने आईला एका दमात सांगितलं. आई सुईत दोरा ओवत ऐकत होती.

"म्हणजे माणूस पुढे असला तर तसाच बसतो. मागे सरकवला की टाका घालायचा. टू म्हणजे टाका."

"हो! तसंच!" तिला इतका आनंद झाला की लगेच आणखी एक भारी विचार सुचला, आणि सुचलेला विचार पोटात ठेवणं तिला हल्ली जमत नसे. "तुला माहितीये का आई, तू 'मी' शेवटी का टाकतेस? कारण तू स्वतःला नेहमी शेवटी ठेवतेस. जेवायला शेवटी, आंघोळीला शेवटी —"

आईने दोरा दाताने तोडला. "अगं, खडू डोळ्यांना आधी दिसतो म्हणून तो आधी. मी कुठे पळून जातेय? आणि आंघोळीला शेवटी जाते, कारण तू तासभर बाहेर येत नाहीस."

तिने विषयच बदलला.

"बरं, पुढचं. गिव्ह मी द सिझर्स."

आईने कात्री उचलली आणि टेबलावर ठेवली.

"नाही... गिव्ह *मी*."

आईने कात्री तिच्या बाजूला सरकवून पुन्हा ठेवली, बोटं काढून घेतली आणि तिच्याकडे बघत राहिली. बारा वाजत आले होते. आता कधी होणार हे, कधी — आणि तिचा आवाज चढलाच, "अगं मला दे म्हणजे माझ्या हातात दे! एवढं साधं कळत नाही?"

आईने कात्रीकडे बोट दाखवलं.

"ठेवली," आई हळूच म्हणाली.

आणि त्या एका शब्दाबरोबर सगळी मागची खोली तिच्या अंगावर आली — शिवणाच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात बसलेली चार वर्षांची ती, वर मशीनची धडधड, आणि दिवसभर बायकांच्या आवाजात, ठेवली... उचलली... ठेवली. तिथे कात्री कुणी कुणाच्या हातात देत नसे. मान खाली, डोळे कापडावर, कुणाचं बोट कुठे असेल सांगता येत नाही. म्हणून खाली ठेवायची, सांगायचं, मग दुसरीने उचलायची. बोलायला लागल्यावर मी जे पहिले दहा-बारा शब्द शिकले असेन त्यातला हा एक. आणि मीच तो विसरले. आईला वाक्य कळलं होतं, पहिल्याच फटक्यात कळलं होतं. मी मागितली होती चुकीची वस्तू.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "खडू दे. खडू चालतो हातात."

"चालतो," आई हसली. मग जरा ताठ बसून, जणू समोर गिऱ्हाईकच आहे, "आय विल शो यू..."

"द क्लॉथ!"

"आय विल मेक यू..."

"अ कर्टन!"

आई थांबली. "टकळे, वाक्य माझं आहे ना? मग शेवटचा टाका दर वेळी तू का घालतेस?"

दोघी हसल्या. पण दुकानाकडे चालताना तो प्रश्न तिच्याबरोबर चालत आला, चपलेत खडा शिरावा तसा. दवाखान्यात, बँकेत, शाळेत... "हिला विचारा," आई सांगायची, "माझी मुलगी बोलते." आणि ती पुढे व्हायची, बोलायची, आणि बोटभर उंच होऊन परत यायची. उद्या आई स्वतःच बोलायला लागली तर — तर काय? तर छानच की. छानच... मग खडा का टोचतोय अजून? आईला न येणारं माझ्याकडे आहे, एवढंच का माझं मोठं होणं?

दुकानाच्या दाराशी आईने पदर नीट केला. "तू आत येऊ नकोस. तू दिसलीस की मी तुझ्या तोंडाकडेच बघत बसेन." मग तिचा हात ओढून त्यात काहीतरी ठेवलं. खडू. "काउंटरवर हा नाही लागत. तुला ठेव."

ती पदपथावर, दर्शनी काचेच्या कडेला उभी राहिली. आत दिवे होतेच, शिवाय बाहेरचा भरपूर उजेड काउंटरवर पडला होता, आणि त्या उजेडात आई नेहमीपेक्षा लहान दिसत होती, आणि नवीही. थोड्या वेळाने एक उंच बाई खांद्याला पिशवी लावून आत शिरली. काही विचारलं. आईचं ते लांबलचक हसू उमटलं — नको, हसू नकोस, बोल, शो मी, शो मी द — आणि तिच्या ध्यानात आलं की आपले ओठ हलताहेत, काचेवर वाफेचा गोल उमटतोय.

आईने काहीतरी म्हटलं. बाईने कान पुढे केला. आईने पुन्हा म्हटलं, या वेळी उघडा तळहात पुढे करून. आणि बाईने पिशवीतून कापडाचा एक तुकडा काढून त्या हातावर ठेवला. वाक्यामुळे, की हातामुळे? काचेतून काय कळणार! मालकीणबाई आतल्या दारात येऊन उभ्या होत्या, चेहरा कोराच. आई तुकडा उजेडात धरून आता बरंच काही बोलत होती, दोघींनी सकाळी घोकलेल्या कुठल्याही वाक्यापेक्षा लांब, मध्येच अडखळत, बोटांनी हवेत खिडकी काढत — आणि उंच बाई हसली. आईला हसली, की आईबरोबर?

तिचा हात दाराच्या मुठीवर गेला होता. थंड होती मूठ. एक ढकल, आणि आत जाऊन उरलेलं सगळं तिला सांगता आलं असतं, स्वच्छ, बिनचूक...

तिने हात काढून घेतला. दुसऱ्या हातातला खडू घामाने ओला झाला होता, त्याचा हेकट कोपरा तळव्यात रुतत होता. तिने ओठ मिटले. काचेवरची वाफ कडेकडेने विरत गेली आणि पलीकडे आईने श्वास घेऊन पुन्हा तोंड उघडलं. पुढचा शब्द कोणता, तिला माहीत नव्हतं — आणि कान काचेला लावून, आयुष्यात पहिल्यांदाच, ती तो ऐकायला थांबली.