तिसरी फाइल

"कागदांना वर दोन भोकं पाडा म्हणे. जन्मभर बाजूला पाडली, तेव्हा कुणाचं काही अडलं नाही." शैलेंद्र पंचिंग मशीनवर ओणवा होऊन पुटपुटत होता. शेजारी मेथी निवडत बसलेल्या सुवर्णानं ऐकलं आणि पुढची काडी खुडली. नवऱ्याचं पुटपुटणं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या. मोजायच्या, लगेच उठायचं नाही.

अमेरिकेतल्या, बॉथेलच्या घरातल्या डायनिंग टेबलावर तीन फाइली होत्या: त्याची, तिची आणि लेकीची, केयाची. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांची तारीख मार्च दोन हजार चौदाची. बारा वर्षांनी यंदा अर्ज भरायची वेळ आली होती. वकीलबाईंनी बजावलं होतं, या महिन्यातच भरा, पुढच्या महिन्यात सरकारनं तारखा मागे नेल्या तर पुन्हा बसाल वाट बघत. महिना संपायला चार दिवस उरले होते, आणि शैलेंद्र भोकं पाडत होता.

वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट विचारली होती, तीन ईमेल करून. अर्जदार किती? शैलेंद्रनं एकालाही उत्तर दिलं नव्हतं. केयाला जानेवारीत एकवीस वर्षं पूर्ण झाली होती, आणि एकविशीनंतर मूल आईबापांच्या अर्जात बसत नाही. घरात तिघांनाही हे पाठ होतं, म्हणून तर कुणी बोलत नव्हतं.

दोन हजार वीसच्या ऑक्टोबरात हे सगळं उरकलं असतं. तेव्हा नोकरीवरून मिळणाऱ्या कार्डांतली तिसऱ्या कॅटेगरीची रांग अचानक पुढे पळाली आणि दुसरीतले शहाणे लोक एक पायरी उतरून तिच्यात जाऊन उभे राहिले. यांच्याही घरात लगीनघाई झाली. मास्क लावून तिघं तपासणीला डॉक्टरकडे गेले, येताना गाडीतच घरून नेलेले बटाटेवडे खाल्ले. मागच्या सीटवर पंधरा वर्षांची केया लस टोचलेला दंड धरून कण्हत होती, "आई, आय ॲम सफरिंग फॉर युअर इमिग्रेशन!" शैलेंद्र इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. वाट बघण्यात आयुष्य गेलं, असं लोक म्हणतात. सुवर्णाला वाटायचं, गेलं खरं, पण वाट बघताना मजाही बरीच आली.

अडलं ते केयाच्या जन्मदाखल्यावर. पुण्याच्या त्या कागदावर आईचं नाव होतं, बापाचं होतं, मुलीच्या नावाची जागा कोरी. बारसं तीन महिने लांबलं होतं, कारण सासूबाईंना रत्ना हवं होतं, सुवर्णाला केया, आणि शैलेंद्र दोघींनाही हो म्हणत होता. शेवटी नाव ठरलं, पेढे वाटले, फक्त महापालिकेत जाऊन ते लिहून घ्यायचं राहिलं.

"आहे तसा पाठवा, सोबत प्रतिज्ञापत्रं जोडू," वकीलबाई म्हणाल्या होत्या. स्टेट कॉलेज नावाच्या गावात शैलेंद्रबरोबर एका गादीवर झोपून शिकलेला विनय तर अर्विंगहून फोनवर ओरडला, "अरे यार, बायकोच्या दाखल्यावर आडनाव चुकलंय, तरी तसाच टाकला मी. टाक आणि मोकळा हो!"

"अर्धवट कागद मी पाठवत नाही," शैलेंद्र म्हणाला. सुवर्णाही म्हणाली, बरोबर आहे, महिन्याभरानं काय बिघडतंय.

नोव्हेंबर संपताना तारखा मागे गेल्या. दाखला जानेवारीत आला, नावासकट, ठसठशीत शिक्का मारून. विनयला दोन वर्षांत कार्ड मिळालं. त्यानं पार्टी केली नाही. केली असेल तर यांच्या कानावर येऊ दिली नाही.

"केया, ये गं जरा," शैलेंद्रनं हाक मारली. "तुझा फोटो जुना झालाय."

केया लॅपटॉप मिटून आली. "कशाला, बाबा?"

"असावा. नियम बदलतात कधीकधी. ऐनवेळी धावपळ नको."

केयानं आईकडे बघितलं. सुवर्णानं मेथीच्या जुडीकडे. मग केया मुकाट्यानं पांढऱ्या भिंतीशी जाऊन उभी राहिली, केस कानांमागे सारले. तिला सांगावं लागत नव्हतं. असे फोटो काढत काढतच ती मोठी झाली होती. पहिला काढला तेव्हा चार वर्षांची होती, स्टेट कॉलेजच्या खोलीत, स्टुलावर उभी. हसू नको म्हटलं की हमखास हसायची.

आज ती हसली नाही.

"हनुवटी वर," शैलेंद्र म्हणाला. "हं. अगं, हलला. पुन्हा."

"बाबा, मी नाही हलले."

"बरं, मी हललो. उभी राहा."

त्यानं फोन पुन्हा वर धरला. मग चष्मा काढून शर्टाला पुसला, घातला, परत काढला. केया तशीच उभी होती, बापाला सांभाळून घेत. एकवीस वर्षांची पोर, आणि आईबापांनी न बोललेलं ओझं तीच उचलून उभी. सुवर्णाला ते बघवेना. तिनं मेथीचे हात पदराला पुसायला नेले, अंगात कुर्ता आहे हे लक्षात आलं, मग तसेच ठेवले.

"शैलेंद्र, फोन खाली ठेव," ती म्हणाली. "केया या अर्जात नाहीये. अर्ज आपल्या दोघांचाच आहे."