भाकरीएवढा ठिपका

राजारामपुरीत राहणाऱ्या नंदिनी सबनीसचा हात सुबक, म्हणून आरोग्य खात्यात नकाशे काढायचं काम तिच्याकडे आलं होतं. शहात्तरच्या उन्हाळ्यात कसबा बावड्यापलीकडच्या एका वाडीत कावीळ पसरली. रुग्ण ज्या विहिरीचं पाणी प्यायचा, त्या विहिरीवर नंदिनीने लाल ठिपका टेकवला. विहिरी तीन आणि ठिपकेही तीनच दिसले.

"तिन्ही विहिरी उद्यापासून बंद," नकाशा बघून खात्याचे डॉक्टरसाहेब म्हणाले.

हे सांगायला ती वाडीत गेली, तर मधल्या विहिरीशेजारच्या चिमणाबाई अंगावरच आल्या. घरात सून बाळंतीण, पोर चार दिवसांचं. "मग आमी प्यायचं काय, बाई? वारा?"

नंदिनीने घाईघाईने रुग्णांच्या नोंदींची वही उघडली. खालच्या विहिरीचे रुग्ण सोळा, बाकी दोन्हींचा एकेक! एकाच जागी सोळा वेळा टेकवलेला ठिपका शेवटी एकच दिसणार, एवढी साधी गोष्ट शिकलेल्या बाईला सुचू नये? तिला स्वतःचाच संताप आला.

चिमणाबाईंच्या ओट्यावरच तिने नकाशा पसरला. एका रुग्णाला मुगाएवढा ठिपका, म्हणून सोळांचा सोळापट रुंद काढला. तो असा फुगला की मधली विहीरही त्याच्या पोटात गेली.

चिमणाबाई वाकून बघत होत्या. "सोळा मान्सांला एवढा? अवो, दुप्पट रुंद भाकरी थापायची तर पीठ दुप्पट घिऊन भागतंय व्हय? चौपट लागतंय की!"

नंदिनी थबकली. माणसं म्हणजे पीठ. सोळापट पिठाची भाकरी चौपटच रुंद होणार! तिने नवा ठिपका काढला. खालच्या विहिरीवर तो ठसठशीत बसला आणि मधली विहीर मोकळी झाली.

"आधीच असं का नाही दाखवलंत?" डॉक्टरसाहेब खेकसले, पण बंद फक्त खालचीच विहीर केली. मधल्या विहिरीचा एकुलता रुग्ण गुंडू दिवसभर खालच्या मळ्यात राबून तिथलंच पाणी प्यायचा, हेही चौकशीत निघालं. तरी उरलेल्या दोन्ही विहिरींचं पाणी तपासायला गेलं, आणि निकाल येईपर्यंत वाडीने पाणी उकळून प्यायचं ठरलं.

आठवड्याने निकाल आला. पाणी स्वच्छ होतं! कागद घेऊन नंदिनी बसथांब्यापासून पळतच आली. चिमणाबाईंनी कागदाकडे बघितलंही नाही. विहिरीतून पाणी शेंदलं, तांब्या भरून तिच्यापुढे धरला.

"आधी तुमी प्या."

नंदिनीने एका दमात तांब्या रिकामा केला. मगच चिमणाबाईंनी सुनेसाठी घागर भरली.